थेरपी, थेरं आणि ‘अहो’

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका साखरपुड्यात जेवणापेक्षा जास्त चव लागली ती एका बातमीला. आमच्याच घरातलं, लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेलं एक जोडपं समुपदेशकाकडे जातं. "थेरपी कसली, थेरं आहेत नुसती," असं म्हणून एका काकांनी हशा मिळवला. आमच्या वेळी आजी होती, मामा होते, अगदीच अडलं तर कुलदेवीला जाऊन यायचं, संपलं. समोरच्या टेबलावरून मानसशास्त्रात नुकताच एम.ए. झालेला भाचा म्हणाला, "काका, विज्ञानाला संस्कृती नसते. पॅरासिटामॉल काय आडनाव विचारून ताप उतरवतं?" त्यालाही दाद मिळाली. दोघंही जिंकल्यासारखे पानावरून उठले. ज्यांच्यावरून हे चाललं होतं ती दोघं मात्र मान खाली घालून पुरी मोडत बसली होती.

हा वाद सगळीकडे याच चालीवर चालतो. वर्तमानपत्री लेखांतही हेच दोन काका-भाचे भेटतात, फक्त भाषा जड असते. आणि दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालतात, की ‘आपली संस्कृती’ नावाची एक अखंड वस्तू आहे. एकाला ती जपायची असते, दुसऱ्याला ओलांडायची असते. माझं म्हणणं असं की मानसोपचाराला संस्कृतीचं भान हवंच, त्याशिवाय तो इथल्या माणसाच्या गळी उतरत नाही. पण भान ठेवणं आणि मान डोलावणं यांत फरक आहे. समोर दोन माणसं बसलेली असतात तेव्हा खोलीत संस्कृतीही निदान दोन असतात. त्यांतली कोणती कोणाच्या सोयीची आहे, हे विचारायचं धैर्य नसेल तर ते भान कुचकामी.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं असेच गेलो होतो. डोंबिवलीत वन रूम किचन, त्यात सासूबाई, आणि दोघांच्या लोकलच्या वेळा वेगळ्या. पहिल्या बाई अभ्यासात चोख होत्या. त्यांनी सांगितलं, बाउंड्रीज आखा, तुमच्या खोलीचं दार वाजवून यायला सांगा. आमच्या ‘खोली’ला दार नव्हतं, पडदा होता. मग म्हणाल्या, नवऱ्याला नावाने हाक मारा, म्हणजे नातं बरोबरीचं होईल. एका रात्री ओट्याशी पाठमोरी उभी राहून मी ते करून पाहिलं. दोघांनाही हसू आलं आणि मग दोघंही चार दिवस अवघडलो. तिसऱ्या भेटीनंतर आम्ही जाणं सोडलं. दुसऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या घरात ‘अहो’ किती प्रकारचे आहेत?" मी मोजले. चहा झाल्याचा, पाहुण्यांसमोरचा, सासूबाई आल्या की अर्ध्यावर तुटणारा, दिवे मालवल्यावरचा. "रागाचा?" रागाचा नव्हताच. राग आला की मी हाक मारणंच बंद करते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ह्यांनाही. ते त्या अबोल्याला माझा शांत स्वभाव समजत होते. पुढचा महिनाभर आम्ही त्या एका गाळलेल्या हाकेवर घालवला. पण या बाईंचं मोठेपण मला वेगळ्याच ठिकाणी वाटतं. पाचव्या भेटीत त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात असतं?" अहोचा मान राखला म्हणून पाकिटाला त्यांनी सोडलं नाही.

आता भाच्याची बाजू. तिच्यात दम आहे आणि तो मान्य करायला हवा. दुःखाचं यंत्र माणसामाणसात फार वेगळं नसतं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत केलेलं काम पाहा. नैराश्यावरची वर्तनाला चालना देणारी पद्धत मूळ अमेरिकेत वाढलेली. माणूस ज्या लहानसहान गोष्टी करायचं सोडून देतो, त्या पुन्हा ठरवून करायला लावायच्या, हे तिचं सार. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पदवी-पदव्युत्तर मानसशास्त्र न शिकलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ती वापरली. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या उपचारापेक्षा तिचा गुण जास्त ठरला होता. मग संस्कृती आडवी कुठे आली? भाचा म्हणेल, पाहा, औषध तेच, रोगी बदलला, तरी गुण आला.

पण त्या कामात काय तसंच ठेवलं आणि काय बदललं, हे नीट पाहिलं की भाच्याचा मुद्दा अर्धाच उरतो. गाभा तोच राहिला. पण समोरचा माणूस ‘डिप्रेशन’ म्हणत नव्हता, ‘टेन्शन’ म्हणत होता, म्हणून बोलणं टेन्शनपासून सुरू झालं. केंद्रावर येणं जमत नसेल तर भेट घरी झाली. समुपदेशक त्याच मुलखातले, त्याच बोलीतले होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला, तिथेही रस्ता गावातल्या कार्यकर्त्यांमधूनच गेला. दूर झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आज्यांना बसवलं आणि रोगाला शोना भाषेतलं नाव ठेवलं, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करत राहणं. आमच्याकडे ‘डोक्यात किडा वळवळतो’ म्हणतात त्याच घराण्यातलं. अमेरिकेत 2006 साली ग्रायनर आणि स्मिथ या संशोधकांनी 76 अभ्यास एकत्र तपासले. संस्कृतीनुसार बेतलेल्या उपचारांचा फायदा त्यांत दिसला, आणि ज्यांची मायबोली इंग्रजी नव्हती त्यांना मायबोलीत दिलेले उपचार इंग्रजीतल्यापेक्षा दुप्पट परिणामकारक ठरले. ते आकडे तिथल्या अल्पसंख्याक वंशगटांचे, इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण पुण्या-मुंबईत मराठी नवरा-बायको मराठी समुपदेशकासमोर बसून इंग्रजीत भांडताना मी पाहिले आहेत. कशाला? कारण ‘आय फील’नंतरचं वाक्य त्यांना इंग्रजीतच शिकवलं गेलेलं असतं.

आणि इथे भाषेची एक गंमत आहे. मराठीत आपण रागावतोही, पण बहुतेक वेळा ‘मला राग येतो’. भीती मला ‘वाटते’, रडू मला ‘येतं’, आठवण ‘होते’. भावना पाहुण्यासारख्या दारात येतात. इंग्रजी वळणाच्या समुपदेशकाला वाटतं की हा माणूस स्वतःच्या रागाची जबाबदारी टाळतोय, आणि तो त्याला ‘मी रागीट आहे’ म्हणायला शिकवतो. ज्या अंतरासाठी विचार-वर्तन पद्धतीत आठवडेच्या आठवडे घरचा अभ्यास देतात, विचार म्हणजे मी नव्हे, भावना म्हणजे मी नव्हे, ते अंतर आमच्या व्याकरणात फुकट मिळतं. ते आधी पुसायचं आणि मग फी घेऊन परत शिकवायचं? (मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण हा प्रश्न एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने आणि मानसतज्ज्ञाने एकत्र बसून सोडवावा अशी फार इच्छा आहे.) उलट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठीत रुजला. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून तो इथे आणला, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो लोकांपर्यंत नेला. मला वाटतं, तो रुजण्यामागे आपल्या एका अक्षराचाही हात आहे. एलिस ज्या हट्टावर बोट ठेवतात तो सगळा हट्ट मराठीतल्या ‘च’मध्ये मावतो. ‘तिने माझं ऐकावं’ आणि ‘तिने माझं ऐकलंच पाहिजे’ यांतला फरक आमच्या शेजारच्या दूधवाल्यालाही फळा-खडूशिवाय समजतो.

काकांची बाजूही मी थट्टेवारी नेणार नाही. ही विद्या इथे काल-परवा विमानातून उतरलेली नाही. 1922 मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषकांची संस्था काढली आणि पुढे थेट फ्रॉइडला पत्रातून कळवलं, की तुम्ही म्हणता ती लिंगच्छेदाची भीती माझ्या हिंदी रुग्णांत माझ्याच युरोपीय रुग्णांइतकी दिसत नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला दिलं. पश्चिमेकडे रुग्णाला कुटुंबापासून तोडून भिंतीआड ठेवण्याची रीत होती तेव्हाची ही गोष्ट. मुंबईत केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगावर आधारलेली पद्धत रुग्णांवर तपासली. 1973 मध्ये मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी लिहिलं की भारतीय रुग्णाला डॉक्टर तटस्थ मित्रासारखा नको असतो, गुरूसारखा हवा असतो. हे खरंच आहे. "तुम्हीच सांगा डॉक्टर, मी काय करू?" या प्रश्नावर "तुम्हाला काय वाटतं?" असं उत्तर आलं की आमचा माणूस मनात म्हणतो, मला कळत असतं तर इथवर आलो असतो का?

तरीही या प्रत्येक दाखल्याचा शेवट काका सांगतात तिथे होत नाही. विद्यासागरांनी कुटुंबाला आत घेतलं ते शिकवण्यासाठी. आजार म्हणजे काय, शरम कशाला नको, हे त्यांच्याशी बोलून बोलून. कुटुंब जसं आहे तसंच औषध असतं, तर तंबू कशाला ठोकायचे, रुग्णाला घरीच पाठवलं असतं. आणि गुरू? ज्या महाराष्ट्राने 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर बुवाबाजीविरुद्ध कायदा पाहिला, त्याला तरी निरंकुश गुरूच्या हाती मन देण्याचा अर्थ सांगायला नको. समुपदेशकाला मिळणारा गुरूचा मान नाकारू नये, पण तो परत करण्यासाठी घ्यावा. पहिल्या भेटीत सल्ला द्यावा, दहाव्या भेटीत माणसाला सल्ल्याची गरज उरू नये.

‘आजी होती, मामा होते’ या वाक्याचं काय करायचं? आजी होती हे खरं. पण ती कोणाची आजी? सासरी आलेल्या मुलीच्या गाऱ्हाण्याचा निवाडा करणारं सगळं पंचमंडळ नवऱ्याच्या रक्ताचं असे. तिच्या वाट्याला विहीर आणि जात्यावरची ओवी. ओव्यांतून जे दुःख वाहिलं ते सोनं आहे, पण ज्याच्याविषयी होतं त्याच्या कानावर ते किती वेळा पडलं?

1884 मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यांनी बायको नांदायला येत नाही म्हणून दावा लावला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. पहिला निकाल त्यांच्या बाजूने गेला, 1887 मध्ये मात्र न्यायालय म्हणालं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. टिळकांसकट अनेकांना हा हिंदू संस्कृतीवरचा घाला वाटला. पण रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जी पत्रं लिहिली त्यांखाली सही कोणती होती? ‘एक हिंदू स्त्री’. ज्यांना त्या संस्कृतीद्रोही वाटत होत्या, त्यांच्याइतक्याच हक्काने त्या संस्कृतीच्या आतून बोलत होत्या. त्यांच्या विधवा आईचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला होता, आणि त्यांच्या जातीत त्याला मुभा होती. पुण्याच्या वाड्यांत जे पाप, ते गिरगावच्या सुतारांत रीत. मग त्या खटल्यात ‘हिंदू संस्कृती’ नेमकी कोणत्या बाजूला बसली होती? आज एखादा समुपदेशक "आपल्या संस्कृतीत मुलीने थोडं समजून घ्यायचं असतं" म्हणतो, तेव्हा तो नकळत दादाजींच्या वकिलाच्या खुर्चीत बसतो, आणि सही करणारी बाई समोर असूनही त्याला दिसत नाही.

संस्कृती म्हणून जे दाखवतात ते किती जुनं आणि किती आपलं असतं, हाही एक तपासण्याजोगा मामला. वीर्य गेलं की शक्ती गेली, या धसक्याने खंगणाऱ्या तरुणांचं निदान डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये ‘धात’ या नावाने मांडलं आणि जगभरच्या पुस्तकांत तो खास भारतीय आजार ठरला. पण हस्तमैथुनाने माणूस झिजतो असं बजावणारा टिसो हा स्विस डॉक्टर, आणि त्याचा ग्रंथ 1760 चा. सगळा व्हिक्टोरियन युरोप त्याच धसक्यात होता. इथे र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला ओढवून घेतला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. माझ्या मते मराठीतला पहिला संस्कृतीचं भान असलेला समुपदेशक म्हणजे कर्वे, कारण वाचकाला कोणत्या भीतीने घेरलंय आणि ती भीती त्याच्या घरात कोण पेरतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. फक्त ते त्या भीतीला भारतीय म्हणून ओवाळत बसले नाहीत.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप काका कधी घेत नाहीत, तो माझ्या स्त्रीवादी मैत्रिणी घेतात. त्या म्हणतात, ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ हा शब्दच घातकी आहे, त्याच्या आडून अन्यायच टिकतो. मार खाल्लेल्या बाईला जोडप्याच्या सोफ्यावर बसवून "दोघांनीही आपापली चूक शोधा" म्हणणारे समुपदेशक मीही पाहिलेत. या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही, एक दाखला मात्र आहे. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. चौकीत पोलिसाशेजारी समाजकार्यकर्ती बसली. तिचं पहिलं सूत्र असं की हिंसा ही जोडप्याची समस्या नसते, मारणाऱ्याची असते. पण त्याच कार्यकर्तीला हेही माहीत असतं की समोरची बाई माहेरी का जाऊ शकत नाही, धाकट्या बहिणीचं लग्न कुठे अडलंय, ‘टाकलेली’ हा शब्द वस्तीत कसा उच्चारतात. ते माहीत नसेल तर "सोडून दे त्याला" हा सल्ला सोप्पा, आणि बाई दुसऱ्यांदा येत नाही. संस्कृती ठाऊक असणं हे तिला वाचवण्याचं हत्यार झालं. ज्ञान तेच, वापरणाऱ्याने बाजू ठरवलेली होती.

अज्ञान कबूल करण्याचाही एक नमुना आहे. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचं प्रकरण आलं, घरच्यांपासून संरक्षण मागणारं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी उघड सांगितलं की आपल्याला समलैंगिकतेविषयी पुरेशी जाण नाही, आणि निकालाआधी ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले. मग त्यांनी समलैंगिकांना ‘बदलण्या’च्या तथाकथित उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं ठरवलं. आईवडिलांच्या भावना जपाव्यात म्हणून पोराला ‘सरळ’ करून देणारे डॉक्टर स्वतःला संस्कृतीचे जाणकारच म्हणवत होते, नाही का?

आणि आडनाव. भाच्याचं पॅरासिटामॉल ते विचारत नाही, हे बरोबर. पण समुपदेशक विचारतो, बहुधा पहिल्या पाच मिनिटांत, आणि अशील त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. आंतरजातीय जोडप्यात एकाच्या घरी ताट वेगळं ठेवलं गेलं, तर दुसऱ्याला ते ‘सासूचा स्वभाव’ वाटतं आणि पहिल्याच्या पोटात पिढ्यांचा दाह उठतो. समुपदेशकाने ते ‘संवादाचा अभाव’ या खात्यावर मांडलं की तो दाह दुप्पट होतो. संस्कृतीच्या भानाची आमच्याकडची चर्चा पूर्व-पश्चिम अशी फिरत राहते, कारण वर-खाली पाहायचं नसतं.

उलटी चूकही होते, आणि ती परदेशात जास्त दिसते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी मुलीचं मन खचलेलं आहे. तिथला सुशिक्षित, सहृदय थेरपिस्ट ‘ठरवून केलेलं लग्न’, ‘एकत्र कुटुंब’ यांवर चार भेटी घालवतो. ती मुलगी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहे. 2015 पर्यंत त्या व्हिसावर नोकरीच करता येत नसे, आजही सगळ्यांना येत नाही. पुण्यात ती कंपनीत टीम लीड होती, इथे तिला स्वतःच्या नावावर पगारपत्रक नाही. तिला संस्कृतीने नाही, इमिग्रेशनच्या कागदाने जखडलंय. दिसेल त्या ठिकाणी संस्कृती पाहणं हीही आंधळेपणाचीच एक जात.

अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 च्या आपल्या निदानसंहितेत 16 प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत घातली. तिच्या प्रत्यक्ष चाचणीत पुण्याचाही सहभाग होता. तिच्यात ‘तुमची संस्कृती काय सांगते’ असा ढोबळ सवाल नाही. तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगाल, तो कशामुळे झाला असं त्यांना वाटतं, कोणाची मदत होते, कशाने वाढतो, असे साधे, खालच्या पट्टीतले प्रश्न आहेत. भाच्याने ती पाठ करावी. काकांनी नुसती एकदा स्वतःला विचारून पाहावी, मोठ्याने नको.

साखरपुड्यात हात धुताना त्या जोडप्यातली मुलगी माझ्याशेजारी आली. म्हणाली, गेल्या वेळी मॅडमनी विचारलं, भांडण झालं की आधी कोण कोणाला फोन करतं? तो म्हणाला, आईला. ती म्हणाली, मी कोणालाच नाही. परतीच्या वाटेवर गाडीत दोघंही काही बोलले नाहीत, वाशीचा पूल येईपर्यंत. मग त्याने विचारलं, "का नाही करत?" पुढची वेळ गुरुवारची आहे.